प्रवासाला आणि रोजच्या वापराला पोर्टेबल नेब्युलायझर: काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं औषधांचं दुकान आहे, आणि घरात श्वासाचा त्रास असलेली दोन माणसं आहेत. एक माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांचं निम्मं आयुष्य उद्यमनगरातल्या फाउंड्रीत गेलं आणि आता त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. दुसरा माझा धाकटा मुलगा, त्याला बाळदमा. त्यामुळे नेब्युलायझर मी विकतेही आणि रात्री दोन वाजता उशाशी बसून लावतेही. गळीत हंगामात पाचटाचा धूर सुटला, उन्हाळ्यात गल्लीत चटणी कुटायला लागली की त्याचा खकाणा, नाहीतर पावसाळ्यात भिंतींना बुरशी आली, की दुकानात चौकशी वाढते. लोक जे विचारतात तेच इथे लिहिलं आहे.

वाफेचं मशीन आणि नेब्युलायझर एकच का?

नाही. "ताई, वाफंचं मशीन द्या" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कशासाठी पाहिजे? वाफाऱ्याच्या भांड्यात पाणी तापतं आणि त्याची गरम वाफ नाक-घसा मोकळा करते, बस्स. नेब्युलायझर डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध न तापवता बारीक तुषारांत फोडतो. हे तुषार साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असावे लागतात. त्याहून मोठे थेंब तोंडात आणि घशातच चिकटतात, खाली श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

म्हणून नेब्युलायझरच्या कपात निलगिरीचं तेल, ओव्याचा अर्क, कापूर, बामचं पाणी यांतलं काहीही घालू नका. तेलाचा अंश फुप्फुसात गेला तर तिथे न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. नुसतं नळाचं पाणीही नको. औषध पातळ करायला सांगितलं असेल तर फक्त नॉर्मल सलाइन, म्हणजे ०.९ टक्क्याचं निर्जंतुक मिठाचं पाणी, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

डॉक्टरांनी घ्या म्हटलेलं नाही. जवळ असावा म्हणून घेऊन ठेवू का?

आधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: पंप (इनहेलर) आणि स्पेसरवर भागेल का? स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, पंपाचं औषध आधी तिच्यात जमतं आणि मग सावकाश श्वासातून घेता येतं. दम्याच्या सौम्य किंवा मध्यम झटक्यात स्पेसर लावून नीट घेतलेला पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. स्पेसर काही शे रुपयांत येतो, त्याला वीज लागत नाही आणि तो एसटीच्या सीटवर बसूनही वापरता येतो. पंपाची सवय लागते या भीतीपोटी लोक पंप टाळून मशीन मागतात. पंपात आणि मशीनमध्ये बहुतेक वेळा औषध एकाच जातीचं असतं, शिवाय पंपातून त्याची मात्रा कमी जाते. तेव्हा त्या भीतीने मशीन घेऊ नका.

मशीन खरंच लागतं ते स्पेसरला तोंड लावू न देणाऱ्या लहानग्यांना, हात थरथरणाऱ्या किंवा स्पेसर लावूनही स्वतःचा स्वतः पंप नीट घेणं न जमणाऱ्या वयस्कांना, ज्यांचा त्रास पंपाने आटोक्यात येत नाही त्यांना आणि ज्यांचं औषध फक्त पातळ रूपातच मिळतं त्यांना. आबा यांतल्या दुसऱ्या गटातले. धाकटा आता आठ वर्षांचा झालाय, त्याचं स्पेसरवर छान चालतं, आणि त्याच्यासाठी मी नवीन मशीन घेतलेलं नाही.

कॉम्प्रेसर, अल्ट्रासॉनिक, मेश यांत फरक काय?

कॉम्प्रेसरला जेटही म्हणतात. आत छोटा हवेचा पंप असतो, तो नळीतून जोरात हवा सोडतो आणि त्या झोतावर कपातलं औषध फुटून तुषार होतात. वजन साधारण दीड-दोन किलो, वीज घरातली २३० व्होल्टची, आणि आवाज असा की पाळण्यातलं बाळ दचकतं. एका वेळेला ८ ते १२ मिनिटं लागतात. पण हा गडी दणकट आहे. पातळ औषध असो की दाट, तो तक्रार करत नाही, आणि कप-नळी-मास्कचा किट खराब झाला तर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो.

अल्ट्रासॉनिक कंपनांनी तुषार करतो. त्यात औषध तापतं आणि बुडेसोनाइडसारखं तरंगते कण असलेलं औषध नीट उडत नाही. घरच्या वापरासाठी मी तो कुणाला सुचवत नाही.

मेशमध्ये एक बारीक जाळी असते, तिला हजारो सूक्ष्म भोकं. जाळी थरथरते आणि औषध त्या भोकांतून तुषार होऊन बाहेर पडतं. वजन १०० ते ३०० ग्रॅम, आवाज जवळजवळ नाहीच, सेलवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालतो. खिशात मावतो, झोपलेल्या मुलालाही लावता येतो. प्रवासाला पोर्टेबल म्हणून लोक मागतात तो बहुतेक हाच.

बॅटरीवर चालणारे छोटे कॉम्प्रेसरही मिळतात. दाट औषध आणि प्रवास दोन्ही असेल त्यांनी ते जरूर बघावेत. जाळी तुंबण्याची काळजी नको असेल, तर त्याचं थोडं जास्त वजन सोसायला हरकत नाही.

मग मेशच घेऊ ना? हलका आहे, आवाजही नाही.

घाई करू नका. आधी तुमच्या रेस्प्यूलवरचं, म्हणजे एका वेळच्या पातळ औषधाच्या छोट्या प्लॅस्टिक कुपीवरचं, नाव वाचा. सालब्युटामॉल, लेव्होसालब्युटामॉल, इप्राट्रोपियम ही पाण्यासारखी स्वच्छ द्रावणं आहेत, मेशमध्ये सहज चालतात. बुडेसोनाइड मात्र सस्पेन्शन आहे. रेस्प्यूल उजेडात धरून हलवलं की ते दुधाळ दिसतं, कारण औषधाचे कण पाण्यात तरंगत असतात. काही मेश मशीनं ते उडवतात, काहींना ते झेपत नाही. मशीनच्या माहितीपत्रकात बुडेसोनाइड चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका, अगदी माझ्यासुद्धा.

हे मी शिकले ते जोतिबाच्या डोंगरावर. आबांना दर्शनाला जायचं होतं आणि गुलालाची गर्दी नको म्हणून आम्ही चैत्र यात्रा संपल्यावर गेलो. तरी पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली. मी मेश काढला, औषध ओतलं, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पण तुषार आला तो उदबत्तीच्या धुरासारखा, जेमतेम. कप काढून जाळी उन्हात धरली तर तिच्यावर पांढुरकी साय धरलेली. आदल्या रात्री बुडेसोनाइड दिल्यावर मी कप नुसता झटकून पिशवीत टाकला होता आणि औषध जाळीच्या भोकांत वाळलं होतं. नशिबाने पिशवीत पंप आणि स्पेसर होता, त्यावर निभावलं. दोष मशीनचा नव्हता, माझा होता. तेव्हापासून मेश घेणाऱ्याला मी विचारते, रोज धुवायचं काम घरात कोण करणार? ते ठरत नसेल तर कॉम्प्रेसरच घ्या.

रेल्वेत, एसटीत, गाडीत चालेल का?

कॉम्प्रेसर रेल्वेत चालेल असं धरून निघू नका. बहुतेक डब्यांतली चार्जिंगची सॉकेट ११० व्होल्टची असतात, मोबाइल-लॅपटॉपपुरती. घरच्या २३० व्होल्टच्या कॉम्प्रेसरला त्यावर जोर येत नाही. शिवाय रात्री ती सॉकेट बंद ठेवली जातात. एकदा रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना कराड सोडल्यावर आबांची छाती भरून आली. मशीन लावलं तर नुसतीच घरघर, कपातलं औषध हललंसुद्धा नाही. समोरच्या बर्थवरच्या काकींनी टॉर्च धरला आणि मी अंधारात पंपाचे पफ मोजून दिले. मुंबईहून परत येण्याआधी आम्ही मेश घेतला.

एसटीत सेलवरचा मेश चालतो. गाडी हलत असली तरी बरेच मेश थोडे तिरके धरले तर काम करत राहतात, कॉम्प्रेसरचा कप मात्र सरळच धरावा लागतो. स्वतःची गाडी असेल तर घाटात मशीन लावायची वेळ आली की बाजूला सुरक्षित जागी थांबवा, चालवणाऱ्याने चालवता चालवता मास्क लावायचा नाही. गगनबावड्याच्या करूळ घाटात किंवा आंबोलीच्या वळणांवर तर नाहीच.

आणि मशीन डॅशबोर्डवर ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. त्यात मशीनची बॅटरीही बिघडते आणि औषधही.

बॅटरी सेलवाली बरी की चार्जिंगची?

माझं मत सरळ आहे: दोन्हींवर चालणारा मिळाला तर तो, नाहीतर सेलवाला. महापुराने हे आम्हाला शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि अनेक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत चार्जिंगचं मशीन घरात असून नसल्यासारखं झालं. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. फक्त चांगले अल्कलाइन घ्या, घड्याळातले स्वस्त सेल दोन वेळांत दम टाकतात. मशीन महिनाभर वापरायचं नसेल तर सेल बाहेर काढून ठेवा, गळून आत गंज चढतो.

चार्जिंगवालाच घेतला असेल तर कोणत्या पिनेचा आहे ते बघा. तुमच्या मोबाइलचाच चार्जर लागत असेल तर प्रवासात एक वायर कमी होते. आणि बॅटरी जुनी होऊन उतरली तर ती बदलून मिळते का, हे घेतानाच विचारा.

खोक्यावर नेमकं काय वाचायचं?

तुषारांचा आकार आधी. तो एमएमएडी या नावाखाली मायक्रॉनमध्ये दिलेला असतो, ५ च्या आत हवा. मग नेब्युलायझेशनचा वेग. मिनिटाला ०.२ मिलीच्या खाली असेल तर मूल तेवढा वेळ बसत नाही, आणि आबांसारखे लोकही कंटाळून मास्क काढतात.

तिसरी गोष्ट लोक वाचतच नाहीत, ती म्हणजे शेवटी कपात उरणारं औषध. कॉम्प्रेसरच्या कपात जवळपास १ मिली औषध तळाशी आणि भिंतींना राहून जातं. रेस्प्यूल २ मिलीचं आणि १ मिली उरलं, तर निम्मं वाया! म्हणूनच डॉक्टर त्यात सलाइन घालायला सांगतात. मेशमध्ये उरणारं औषध बरंच कमी असतं, म्हणजे तेवढ्याच रेस्प्यूलमधून जास्त औषध छातीत जाऊ शकतं. तेव्हा कॉम्प्रेसर सोडून मेश घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, सलाइन घालायचं की नाही हे ते ठरवतील.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत सलग किती मिनिटं चालवता येतो तेही बघा. काही मॉडेल २० मिनिटं चालवली की ४० मिनिटं थंड होऊ द्यावी लागतात. घरात दोघांना एकापाठोपाठ द्यायचं असेल तर हे आधी माहीत हवं.

मास्क की माउथपीस?

ज्याला ओठ मिटून तोंडाने श्वास घेता येतो त्याला माउथपीस. नाकात आणि चेहऱ्यावर औषध वाया जात नाही. लहान मुलांना आणि खूप धाप लागलेल्याला मास्क, पण तो गालाला घट्ट बसलेला हवा. "रडतंय म्हणून लांबून धरते" असं बऱ्याच आया म्हणतात. मास्क जरा लांब गेला की औषधाचा बराचसा भाग हवेतच जातो, आणि रडतानाही ते फार कमी आत उतरतं. मांडीवर घ्या, गाणं लावा, मास्क आधी बाहुलीला लावून दाखवा. झोपेत लावला तरी चालतो. मास्कमधून बुडेसोनाइड दिलं तर नंतर चेहरा पुसा आणि चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

धुवायचा कसा? प्रवासात तर पाण्याचीच पंचाईत.

प्रत्येक वापरानंतर उरलेलं औषध टाकून द्या. पुढच्या वेळेला कामाला येईल म्हणून झाकून ठेवू नका, त्यात जंतू वाढतात. कॉम्प्रेसरचा कप, मास्क, माउथपीस कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घालून धुवा, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळा, झटका आणि स्वच्छ कापडावर उघड्यावर वाळू द्या. आतून पदराने किंवा टॉवेलने पुसायचं नाही. निर्जंतुक करायला उकळायचं की नाही हे माहितीपत्रक बघून ठरवा. काही किट उकळत्या पाण्यात ५ मिनिटं चालतात, काही वाकडे होतात. हवेची नळी धुवायची नाही. तिच्यात दव दिसलं तर कप काढून मशीन दोन-तीन मिनिटं नुसतं चालवा. मशीनच्या पाठीमागचा फिल्टर करडा पडला की बदला. फाउंड्रीच्या किंवा गुऱ्हाळाच्या जवळपास राहणाऱ्यांचा तो लवकर काळवंडतो.

मेशचं निराळं आहे. औषध संपलं की कपात थोडं डिस्टिल्ड वॉटर घालून मशीन मिनिटभर चालवा, म्हणजे जाळी आतून धुतली जाते. मग कप काढून हळूच खळबळा. जाळीला बोट, कापूस, ब्रश, सुई काहीही लावायचं नाही. बोअरच्या जड पाण्याने तर जाळीत क्षार बसतात. प्रवासात मी १०० मिलीची बाटली डिस्टिल्ड वॉटरने भरून नेते, ती तीन-चार दिवस पुरते. सोबत एक झाकणाचा डबा आणि धुतलेला मलमलचा रुमाल असतो. पावसाळ्यात कप डब्यात ओला कोंडू नका. मुक्कामी पोहोचल्यावर डबा उघडा ठेवा आणि पंख्याखाली वाळवा.

विमानाने जायचं आहे. नेऊ देतात का?

उजळाईवाडीहून असो की मुंबईहून, मशीन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या बॅगेत टाकलं आणि बॅग मागे राहिली तर पंचाईत. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक तर हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची. पॉवर बँक विमानात वापरू देतीलच असं नाही, म्हणून मशीन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रेस्प्यूलची मूळ पाकिटं वरच ठेवा, तपासणीला विचारलं तर लगेच दाखवता येतात. उड्डाणात मशीन लावावं लागेल असं वाटत असेल तर विमान कंपनीला आधीच कळवा.

रेस्प्यूल किती न्यायचे?

मुक्कामाला लागतील तेवढे आणि वर तीन दिवसांचे. फॉइलचं पाकीट उजेडापासून जपण्यासाठी असतं, ते फोडून सुटे रेस्प्यूल पर्समध्ये टाकू नका. पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख घाला. बुडेसोनाइड गोठू द्यायचं नाही, त्यामुळे फ्रीजरमध्ये नको.

एकच मशीन दोघांना चालेल का?

मशीन एक चालेल, पण कप, मास्क आणि माउथपीस प्रत्येकाचे वेगळे. आमच्याकडे धाकटा मशीनवर होता तेव्हा आबांच्या डब्याला निळी रिबीन होती आणि त्याच्या डब्याला लाल.

ऑनलाइन स्वस्त मिळतोय. घेऊ का?

घ्या, पण परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता आणि तुषारांचा आकार खोक्यावर असेल तरच. नेब्युलायझर आता औषध कायद्याखाली येतो, म्हणून हे छापलेलं असायलाच हवं. एमआरपीवर किती टक्के सूट आहे ते बघून भुलू नका, या वस्तूंत छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांत मोठं अंतर असतं. त्यापेक्षा सुटे भाग मिळतात का ते बघा. मेशचा कप एक-दोन वर्षांत बदलावा लागू शकतो आणि त्याची किंमत कधी कधी मशीनच्या निम्मी असते. मागे एका गिऱ्हाइकाने आणलेल्या मशीनचा कप कोल्हापुरात, पुण्यात, कुठेच मिळाला नाही. मशीन चालू स्थितीत होतं आणि तरी अडगळीत गेलं. साधा कॉम्प्रेसर दीड-दोन हजारांच्या आसपास येतो. घरी तो आणि पिशवीत स्पेसर, एवढ्यावरही पुष्कळांचं उत्तम चालतं.

मशीन लावलं आणि तरी दम उतरला नाही तर?

डॉक्टरांनी लिहून दिला तेवढा डोस द्या आणि लगेच निघा. एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर पडली, मुलाच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडतोय, माणूस गुंगीत जातोय, यांतलं एक जरी दिसलं तरी घरी थांबून पुन्हा पुन्हा मशीन लावत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर जी गाडी मिळेल तिने जवळचं हॉस्पिटल गाठा. शहरात असाल तर सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल रात्रंदिवस उघडं असतं. छातीतला सुई-सुई आवाज अचानक थांबला आणि माणूस मात्र थकलेलाच दिसतोय, तर ते बरं वाटल्याचं लक्षण समजू नका. हवा आतच जात नसेल तेव्हाही आवाज बंद होतो.

नेहमीचं मशीन पूर्वीपेक्षा जास्त वेळा लावावं लागतंय, हात थरथरतायत, छातीत धडधडतंय, तर प्रवासाला निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आबांच्या पिशवीत वरच्याच कप्प्यात एक कागद असतो. त्यावर औषधांची नावं, मात्रा, किती वेळाने पुन्हा द्यायचं आणि डॉक्टरांचा नंबर, सगळं ठळक अक्षरांत. मी सोबत नसले तर शेजारच्या सीटवरच्या माणसालाही तो वाचून मशीन लावता यावं.